ओकबुनताईंचा लायटर

कोरियातल्या मोक्पो शहरात आमचा लग्नाचा हॉल आहे. तिथं मी पियानो वाजवते आणि ओकबुनताई लायटर सांभाळतात. काम क्षुल्लक वाटतं, पण नवरा-नवरीच्या आयांनी मेणबत्त्या पेटवल्याशिवाय लग्न सुरूच होत नाही, आणि लायटर रुसला की नवरी दारात खोळंबते. बावीस वर्षांत ताईंचा लायटर एकदाही रुसला नाही. आधी आतली हवा काढायची, उलटा धरून गॅस भरायचा, आणि भरल्याभरल्या पेटवायचा नाही. ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

मागच्या महिन्यात त्यांच्याच मुलीचं, हेरिनचं लग्न झालं. दुसरीकडच्या लायटरचा काय भरवसा, म्हणून ताईंनी हट्टानं हाच हॉल घ्यायला लावला. हेरिन वैतागली. सासरच्यांना तिनं आई ऑफिसात असते असं सांगून ठेवलं होतं.

"आई, आज तू हॉलची बाई नाहीस. कशालाही हात लावलास तर बघ!"

ताईंनी शपथ घेतली.

मग काय, लायटर भरला मॅनेजरसाहेबांनी, तोही ऐन वेळी, धावतपळत. दोघी विहिणी हानबोकचे घोळदार झगे सावरत पुढे गेल्या. मुलाच्या आईनं खटका दाबला. टिक. परत टिक. सात वेळा टिक! मुलाच्या मामांनी खिशातला सिगारेटचा लायटर पुढे केला, तशा विहीणबाई कडाडल्या, "दादा, ठेव तो खिशात! लग्न आहे, गुत्ता नाही!"

मी तीच धून चौथ्यांदा वाजवत होते. ताईंचे हात शिवशिवत होते, पण पोरीला दिलेला शब्द! त्या नुसत्या हसत उभ्या राहिल्या. मला रडूच आलं.

तेवढ्यात दारातून नवरी ओरडली, "आई, बघत काय बसलीस? घे की हातात!"

ताईंनी लायटर हिसकावलाच. केसांतली पिन उपसून, लायटर उलटा करून तळाशी दाबली. फुस्स! मग तो थेट काखेत. "गारठलाय मेला. विसापर्यंत मोजा," त्या म्हणाल्या. विहीणबाई मोजू लागल्या, मग मामा, मग दोनशे पाहुणे. वीस म्हणताच ज्योत सरळ उभी राहिली.

"अगंबाई! हे ऑफिसात शिकवतात?" विहीणबाईंनी विचारलं.

ताईंनी पिन परत केसांत खोचली.

"ऑफिस कसलं!" हेरिन दारातूनच म्हणाली. "बावीस वर्षं हेच करते माझी आई. ह्याच हॉलमध्ये!"

मी पाचव्यांदा धून धरली आणि साफ चुकले. डोळ्यांपुढे पट्ट्याच दिसेनात.