दूधसंस्थेची पिकअप आणि आप्पांचा फ्लेक्स

“भाऊसाहेब, गाडी एकच नंबर हाय बघा!”

आमचे अध्यक्ष आप्पा शिरूरच्या शोरूममध्ये पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून मला मोठ्याने म्हणाले. माझ्या अंदाजाने ते वाक्य आम्हाला पाच हजारांना पडलं. समोर सेल्स मॅनेजर दरेकर बसले होते. त्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला आणि चहा मागवला. गिऱ्हाईक भाळलं की विकणाऱ्याला कॅल्क्युलेटर लागत नाही.

मी एका दूध संस्थेचा पगारी सचिव आहे. गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. नदी ओलांडली की दौंड तालुका. गावातलं दूध सकाळ-संध्याकाळ गोळा करायचं, फॅट तपासायचं, कॅनमध्ये भरून शीतकरण केंद्रावर पोचवायचं, हे आमचं काम. कॅन नेणारी जुनी पिकअप महिन्यातून दोनदा रस्त्यात उभी राहायला लागली होती. उन्हाळ्यात गाडी दोन तास उभी राहिली तर दूध आंबतं, आणि आंबलेल्या दुधाचे पैसे कोणी देत नाही. म्हणून सभासदांच्या सभेने ठराव केला: नवी पिकअप घ्यावी, सगळा खर्च धरून नऊ लाख पस्तीस हजारांच्या आत, आणि मार्च संपायच्या आत. एक रुपया जरी वर गेला तरी पुन्हा नोटीस, पुन्हा सभा. तोवर मे महिना उजाडला असता.

दरेकरांनी कोटेशन दिलं. नऊ लाख सत्त्याण्णव हजार.

याला ‘ऑन-रोड’ किंमत म्हणतात. म्हणजे गाडीची मूळ किंमत, त्यावर टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, आणि त्याखाली बारीक अक्षरात शोरूमला जे जे सुचेल ते. मूळ किंमत आणि टॅक्स यांच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. भांडायचं ते बारीक अक्षरांशी. मी चष्मा पुसला.

“हे हँडलिंग चार्जेस, नऊ हजार. कशाचे?”

“गाडी कंपनीतून इथवर आणायचे, साहेब.”

“ते मूळ किमतीत धरलेले असतात.”

“तसं नसतं हो.”

“मग तसं लेटरहेडवर लिहून द्या. सही-शिक्क्यासकट.”

दरेकरांनी पेन उचललं आणि हँडलिंग खोडलं. पुढची ओळ वाढीव वॉरंटीची, अकरा हजार. कंपनीची वॉरंटी मुळात असतेच, ही त्यापुढच्या वर्षांची, विकतची. नको म्हटलं. त्याखाली अ‍ॅक्सेसरीज, साडेचौदा हजार. त्यात सीट कव्हर, स्टीयरिंग कव्हर, क्रोमच्या पट्ट्या आणि परफ्यूम.

आमचे ड्रायव्हर पोपटमामा सोबत आले होते. ते म्हणाले, “दुधाच्या गाडीत सेंट? दुधाला वास लागंल की.”

मॅट आणि मडफ्लॅप तेवढे ठेवले, साडेतीन हजारांचे. अकरा हजार गेले. इन्शुरन्स दरेकरांनी साडेबावन्न हजार धरला होता. इन्शुरन्सचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला भरपाई देणारा तो एक. त्याचा दर ठरलेला असतो. आपल्याच गाडीचं नुकसान झालं तर आपल्याला भरपाई देणारा तो दुसरा. त्यात सूट मिळते, पण मागितली तरच. मी आदल्या दिवशीच बाहेरच्या एजंटकडून साडेत्रेचाळीस हजारांचा आकडा लिहून आणला होता. तो कागद पुढे ठेवला. दरेकर म्हणाले, “साहेब, तुम्ही दूध डेअरीत कसे काय?”

आकडा नऊ लाख सत्तावन्नवर आला. शेवटी त्यांनी बारा हजारांची सूट दिली. नऊ पंचेचाळीस. पुढे ते हलेनात.

परतीच्या रस्त्याला आप्पा म्हणाले, “धा हजारासाठी अडून बसलाय व्हय? द्या की.”

“आप्पा, ठराव आहे.”

“ठराव आपुनच केलाय न्हवं?”

“सभेने केलाय. तुम्ही सूचक होता.”

आप्पा खिडकीबाहेर ऊस बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडला गेलो. तिथे दुसऱ्या कंपनीचं शोरूम आहे. त्यांनी फारशी घासाघीस न करता नऊ लाख अठ्ठावीस हजार सांगितले. ठरावात बसत होतं, वर सात हजार शिल्लक. मी मनातल्या मनात व्हाउचर लिहून मोकळा झालो. पण पोपटमामा मागच्या फाळक्याजवळ उभे होते, ते जागचे हलेनात. माल ठेवायची फळी त्यांच्या छातीला लागत होती. शिरूरच्या गाडीची कंबरेला होती. टेप मागवून मोजलं. सात इंचांचा फरक.

सात इंच म्हणजे काय ते सांगतो. दुधाने भरलेला कॅन साधारण एकोणपन्नास किलोचा. आमचे सकाळी सव्वीस, संध्याकाळी सव्वीस. दिवसाला बावन्न वेळा तेवढं वजन उचलून त्या फळीवर ठेवायचं. ठेवणारा माणूस चोपन्न वर्षांचा, आणि थंडी सुरू झाल्यापासून कंबरेला पट्टा बांधून येणारा.

पोपटमामांनी तक्रार केली नाही. म्हणाले, “गाडी चांगली हाय. घ्या तुम्ही. ड्रायव्हर तेवढा दुसरा बघा.”

आप्पा हसले. मामा हसत नव्हते. सोळा वर्षांत त्यांच्या चुकीने एक लिटर दूध परत आलेलं नाही. म्हणजे हिशेब असा झाला: परवडणाऱ्या गाडीत आमचा माणूस जात होता, आणि माणूस टिकवणारी गाडी दहा हजारांनी ठरावाबाहेर होती.

मी दरेकरांना चार दिवस फोन केले. चारही दिवस नऊ पंचेचाळीस. शेवटी ते म्हणाले, “गुरुवारी डेमोची गाडी घेऊन गावात येतो. तुमचे कॅन चढवून बघा. मग बोलू.” डेमो म्हणजे शोरूमची स्वतःची गाडी, गिऱ्हाइकाने वापरून बघावी म्हणून ठेवलेली. मी म्हटलं, या. समोरासमोर अजून काही सुटलं तर बघू.

बुधवारी सकाळी संस्थेत येताना चौकात फ्लेक्स दिसला.

दहा फूट बाय आठ फूट. वर लिहिलं होतं, ‘संस्थेच्या नवीन दूधगाडीचे जंगी स्वागत!’ बाजूने गोलात तेरा संचालक. सगळ्यात मोठ्या गोलात आप्पा, गॉगल लावून. मधोमध पांढरी पिकअप, आणि तिच्यावर कुठूनसा प्रकाश पडलेला.

आमच्याकडे फ्लेक्स आधी लागतो आणि काम मागून येतं, हे मला ठाऊक आहे. पाण्याच्या टाकीचा फ्लेक्स उन्हाने फाटला, तेव्हा कुठे टाकीचा पाया खणला गेला. पण टाकी विकणारा माणूस तो फ्लेक्स बघायला येणार नव्हता.

“आप्पा, गाडीचा भाव अजून ठरलेला नाही.”

“ठरंल की. धा हजार तर राह्यलेत.”

“उद्या दरेकर येणार. आपण स्वागताला उभे राहिलोय हे बघितलं तर ते एक रुपया सोडणार नाहीत. एक दिवस उतरवून ठेवू.”

“उतरवायचा?” आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. “गाव काय म्हनंल? गाडी बुडाली म्हनत्याल. आन् उपाध्यक्ष म्हनंल, माझा फोटो हाय म्हनून उतरवला. मग तुमीच मिटवा त्याचं.”

उपाध्यक्षांचा विचार करून मी फ्लेक्स राहू दिला. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही कोथिंबिरीच्या जुडीला चार ठिकाणी भाव विचारता. आणि लाखांचा भाव चौकात लावून आलात.” मी लावला नव्हता, पण तो मुद्दा नव्हता.

गुरुवारी दहा वाजता डेमोची गाडी चौकात थांबली. मी संस्थेच्या दारातून बघत होतो. दरेकर उतरले. फ्लेक्ससमोर उभे राहिले. बराच वेळ. मग मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. मला वाटलं, संपलं. आता नऊ पंचेचाळीसचे नऊ पन्नास झाले नाहीत तरी मिळवली.

ते आत आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, “अभिनंदन, साहेब. पण कळवायचं तरी होतं. मी चाळीस किलोमीटर गाडी आणली.”

“कशाचं अभिनंदन?” आप्पांनी विचारलं.

“दौंडची गाडी घेतलीत ना? फ्लेक्स लागलाय की चौकात.”

मी उठून बाहेर गेलो. कालपासून चार वेळा त्या फ्लेक्सखालून गेलो होतो. मजकुरातल्या चुका मोजल्या होत्या, पाच निघाल्या. गाडीकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. पुढची जाळी, दिवे, वरचा बिल्ला, सगळं दौंडच्या कंपनीचं. फ्लेक्सवाल्याने इंटरनेटवर पांढरी पिकअप शोधली होती आणि पहिली दिसली ती चिकटवली होती.

मी आत आलो. दरेकरांना काय ते स्पष्ट सांगितलं, “आम्ही गाडी घेतलेली नाही. दौंडची नाही आणि कुणाचीच नाही.”

“साहेब, गाडी न घेता असा फ्लेक्स कोण लावतं?”

“आम्ही लावतो.”

दरेकरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मला खरं बोलून खोटं पडल्यासारखं झालं. तेवढ्यात आप्पांनी तोंड उघडलं. “अवो दरेकर, त्यो फ्लेक्सवालाच येडा. त्याला म्या सांगितलं…”

“आप्पा,” पोपटमामा मध्येच म्हणाले, “ऊन चढायच्या आत कॅन चढवून बघू का? तुमी जरा मोजा.”

मोजायला सांगितलं की आप्पा सगळं विसरतात. दोघे बाहेर गेले. मामांनी सव्वीस कॅन चढवले, कंबरेला एकदाही हात न लावता. आप्पांनी ते सत्तावीस मोजले. दरेकर लिंबाखाली फोनवर बोलत होते. वाऱ्याने तुकडे ऐकू येत होते: “हो सर, फोटो पाठवलाय… तेरा डायरेक्टर आहेत सर त्यावर… नाही सर, आता एवढ्याने नाही होणार…”

दहा मिनिटांनी ते आत आले. “नऊ लाख चौतीस हजार पाचशे. मालकांनी मंजूर केलंय. आज बुकिंग करायचं.”

ठरावाच्या आत पाचशे रुपये. मी नवं कोटेशन लिहून घेतलं, बेरीज दोनदा केली, त्यांची सही घेतली. चेकबुक काढलं. आणि हात थांबला. समोरच्याची चूक माझ्या फायद्याची असली तरी ती चूकच. माझ्याकडे रोज गावचं दूध मोजलं जातं. अशा हिशेबाची सवय मला परवडणारी नाही.

“दरेकर, चेक लिहायच्या आधी एक सांगतो. फ्लेक्सवर फोटो चुकून छापलाय. आम्हाला तुमचीच गाडी हवी होती, पहिल्या दिवसापासून.”

दारात उभे असलेले पोपटमामा खाली बसले. आप्पा छताचा पंखा बघत राहिले.

दरेकर हसायलाच लागले. “साहेब, मी पंधरा वर्षं पिकअप विकतोय. फ्लेक्सवरचं ते मॉडेल तीन वर्षांमागं बंद झालंय. दौंडवाले तरी कुठून देणार होते? मला चौकातच कळलं.”

“मग ते अभिनंदन?”

“तुम्ही काय म्हणता ते बघत होतो. तुम्ही सरळ खरंच बोलायला लागलात, तेव्हा माझीच पंचाईत झाली.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “अहो, मार्चअखेर आहे. टार्गेटला मला एकच गाडी कमी पडत होती. मी चार दिवस मालकांना सांगतोय, दहा हजार सोडा. ते म्हणतात, कशासाठी सोडू, कारण सांग. माझ्याकडे कारणच नव्हतं. तुमच्या गावानं ते रंगीत छापून चौकात लावलं होतं.”

“आन् तुमच्या मालकाला कळलं मंजी?” आप्पांनी विचारलं.

“सांगेन की मीच. एप्रिलमध्ये.”

त्यांच्या मालकांशी त्यांनी काय बोलावं हा माझा विषय नव्हता. पण माझ्या फाइलमध्ये खोटं कारण नको होतं. मी आग्रह धरला आणि कोटेशनवर कमी केलेल्या रकमेसमोर ‘मार्चअखेर विशेष सवलत’ एवढंच लिहून घेतलं. ते खरं होतं. मग चेक लिहून दिला.

गाडी तीस तारखेला आली. उरलेल्या पाचशेत हार, नारळ आणि पेढे बसवायचे होते. सहाशे वीस झाले. वरचे एकशे वीस आप्पांनी खिशातून दिले आणि त्याची पावती मागितली. मी दिली. पोपटमामा अजून पट्टा बांधतात, पण राजीनाम्याचं नाव काढत नाहीत. या उन्हाळ्यात आमचं दूध एकदाही परत आलेलं नाही.

बावीस वर्षं मी खरेदी करतोय आणि समोरच्याच्या आकड्याशी भांडतोय. त्याच्या डोक्यावरही कोणी बसलेलं असतं, आणि त्याला आकडा नाही तर कारण लागतं, हे आता कळलं. त्यासाठी फ्लेक्स लावायची गरज नसते. दरेकरांना पहिल्याच फोनवर विचारलं असतं, “तुमचं कुठं अडलंय?”, तर त्यांनी सांगितलं असतं. चार दिवसांत मी त्यांना चार वेळा फोन केला, आणि चारही वेळा फक्त भाव विचारला.