बरं होण्याआधीची उपकारस्तुती

"हॉजकिन लिम्फोमा," नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे रोगाशी लढणाऱ्या गाठींचाच कॅन्सर. मानेतली गाठ सर्दीची समजून मी तिला हळद लावत बसलो होतो. बायोप्सी केली, गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा ती अशी बदमाश निघाली. यातले बरेच पेशंट बरे होतात, असंही मॅडमनी सांगितलं. मला फक्त 'कॅन्सर' ऐकू आलं.

मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यात फिटर, तोंडाचा फटकळ. किमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून दिलं जाणारं कॅन्सरचं औषध, सुरू झाली आणि सगळी मस्ती उतरली. यवतमाळहून गाडी, वेटिंग रूम, सुई, ओकाऱ्या. केस गेले, भुवयाही गेल्या. प्रार्थनेला बसलो की शब्दच फुटत नव्हता. देवावर राग होता, खोटं कशाला बोलू.

अशात माझी बायको मार्था रविवारी चर्चमध्ये उभी राहिली आणि आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा जाहीर करून आली. आमच्यात माणूस आजारातून उठला की ही सभा घेतात. चर्चची मंडळी येते, गाणी होतात, बरा झालेला माणूस साक्ष देतो, म्हणजे देवानं कसं तारलं ते सांगतो, मग पंगत. पण बरा झाल्यावर! इथे अर्धी किमो बाकी होती. पाळकसाहेबही जरा चाचरले म्हणे. मी तर भडकलोच.

"अवं, मी मेलोच तं कोणाचे उपकार मानशील?"

"देवाचेच," ती भाकर थापता थापता म्हणाली. "पण तुमी मरून नाही राह्यले. तुमी घाबरून राह्यले."

माझे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, कमी होते. गर्दीत जायची मनाई होती. म्हणून मंडळी अंगणात आणि मी मास्क लावून खिडकीत, असा तमाशा झाला. शेजारच्या मेश्रामकाकू बौद्ध, पण सतरंज्या त्यांनीच घातल्या. साक्षीची वेळ आली तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं, "मी बरा नाही झालो. भेव वाटते. पण आज दोन घास पोटात राहिले, त्याचे उपकार मानतो."

मग मार्थानं गाणं उचललं आणि सगळं अंगण गाऊ लागलं. मी खिडकीचे गज धरून पोटभर रडलो. त्या दिवसापासून मला पुन्हा प्रार्थना जमू लागली.

तुमच्यापैकी कोणी यातून जात असाल तर एवढंच सांगतो. प्रार्थना करा आणि किमोची तारीखही चुकवू नका. दोन्ही देवानंच दिलंय.

शेवटी पेट स्कॅन झाला. अंगात कॅन्सर कुठे उरलाय का, ते त्यात दिसतं. मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि हसल्या. "कुठेच काही नाही. जिंकलात तुम्ही."

इतके महिने डोळ्यांत टिपूस न आणणारी मार्था बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडू लागली. रिपोर्ट वाईट आला असं वाटून नर्स पाणी घेऊन धावत आली. मी मार्थाला धरलं आणि सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "सिस्टर, प्रभूच्या दयेनं मी बरा झालो!"