साडूंच्या छातीचा हंगाम

मानवी देहाच्या उत्कर्षासाठी आमच्या बेला भागात माझ्या साडूंइतकं कोणी झटलं नसेल. त्यांचं खता-औषधांचं दुकान आहे आणि जगातला प्रत्येक प्रश्न ते कपाशीवरून सोडवतात. पोरगी नापास झाली तर मुळाशी ओल कमी, बायको रुसली तर ऊन जास्त. चव्वेचाळिसाव्या वर्षी जिमवाल्याने त्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "कपाशीले टॉनिक मारलं का बोंड भरते. मंग माणसाले काऊन नाही?" आणि गिऱ्हाइकांना वीस वर्षं 'डब्यावर लिहिलं तेवढंच मारा' असं बजावणाऱ्या या माणसाने स्वतःला दुप्पट मात्रा सुरू केली.

तीन महिन्यांत दंड भरले. पाठीवर पुरळ उठलं, डोक्यावरचे केस मात्र निंदल्यासारखे साफ झाले. ते छताच्या पंख्याशीही भांडू लागले. पुढे छाती अशी काही वाढली की मेहुणी सर्वांदेखत म्हणाली, "माहे झंपर बी आता तुमीच घाला!"

मी खूप हसलो. कचेरीतला कारकून, चार पुस्तकं वाचलेला. दुसऱ्याच्या थाटाची टिंगल हे माझं आवडतं काम. पण घरी आरशासमोर पोट आत ओढून पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी साडूंच्या दुकानामागच्या खोलीत पायजम्याची नाडी सोडली. सुई त्यांचीच होती, गरम पाण्यात विसळलेली.

मला स्नायू आले नाहीत, कुल्ल्यावर गळू आलं. आठवडाभर कचेरीत उभ्यानेच काम केलं. साहेबांनी सभेत माझ्या सेवाभावाचं कौतुक करून शाल दिली. मला वाकता येईना, तेव्हा त्यांनी माझ्या ताठ कण्याचंही कौतुक केलं.

शेवटी साडूच मला आदिलाबादला घेऊन गेले. गळू फोडता फोडता डॉक्टरांनी विचारलं, "हे कोणी टोचलं?"

"मीच," साडू छाती काढून म्हणाले. "मी सोता तं दुप्पट घेऊन राह्यलो."

डॉक्टरांनी मला तसंच पालथं ठेवून साडूंचा रक्तदाब मोजला. मग पुन्हा मोजला. पुढच्या तपासणीत हृदयाची भिंत जाड झालेली निघाली. हे थांबवलं नाही तर हृदय कधीही थांबेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परतताना साडू रस्त्याकडेची कपाशी पाहत होते. मग हळूच म्हणाले, "साडभाऊ, कपाशी तं दर साली नवी पेरता येते."

इंजेक्शनं सुटली. दंड उतरले, राग उतरला. रक्तदाबाची गोळी राहिली. संध्याकाळी आम्ही दोघं शेताच्या रस्त्याने फिरतो. दम लागला की ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात, आणि मी उगाच थांबून कपाशी पाहतो. तो हात आता फार हलका लागतो.

माझ्या कुल्ल्यावर दोन इंचांचा व्रण आहे. त्या औषधाने माझ्या अंगावर भर पडली ती एवढीच.