महिला विभागातलं बियाणं

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारावर एक निळी पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मोफत वाचन कक्ष. सर्वांसाठी खुला.’ आणि खाली, जरा बारीक अक्षरांत, ‘स्वतंत्र महिला विभाग.’ लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून जाता जाता मी ती वाचली आणि मनात म्हटलं, चला, इथं आपलं जमेल. पाटीवर लिहिलेलं खरं मानायची मला तेव्हा सवय होती. आजही आहे, आणि त्यापायी मी आजही लोकांशी भांडते.

ही सवय लागली जुन्या जालन्यात, माहेरी. वडील कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला, आणि घर म्हणजे त्याच गल्लीतल्या दोन अंधाऱ्या खोल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसायची. तिथला पंखा, माठातलं गार पाणी, नकाशांचं मोठं पुस्तक, शब्दकोश, जे जे फुकट होतं ते सगळं मी वापरायची. वाचायला काही उरलं नाही की रेल्वेचं वेळापत्रक वाचायची आणि मनातल्या मनात गाड्या बदलत कुठल्या कुठं जायची. आई म्हणायची, ‘लोक काय म्हणतील, रोज रोज जाऊन बसती.’ मला कधी लाज वाटली नाही. जे सगळ्यांचं आहे ते माझंही आहे, मग हात आखडून का घ्यायचं? परवा एका कार्यक्रमात कुणी तरी मला म्हणालं, वाचनालयानं तुम्हाला किती दिलं! मी म्हटलं, दिलं कुणी? आम्ही घेतलं. माईक लगेच दुसऱ्याकडं गेला.

सासरचं गाव बदनापूरच्या बाजूला. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये, पाळीनुसार गाडीवर जाऊन येऊन करायचा. सासरे शेत बघायचे. बारावी झाल्यावर लगेच लग्न झालेलं, पण मला बी.ए. व्हायचं होतं, बाहेरून परीक्षा देऊन. लागणारी पुस्तकं वाचनालयात होती. घरी न्यायची तर अनामत भरावी लागे, तिथंच बसून वाचायची तर काही लागत नसे. आणि घरी नेऊन तरी काय उपयोग होता? मी पुस्तक उघडलं की घरात कुणाला तरी पाणी हवं असायचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं, पण माणूस ओळखायच्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाल्या, “बायकांची येगळी सोय हाये ना तिथं? मंग जा दुपारचं. पण गड्यांत बसायचं न्हाई. तसं कानावर आलं तर त्या दिवसापासून बिलकुल बंद.” मला एवढी परवानगी पुरेशी होती. बायकांची खोली असली की माझं बी.ए. आणि नसली की नाही, इतकं ते सरळ होतं.

खोली होती. इमारतीच्या मागच्या अंगाला, वेगळ्या दाराची, आणि दाराला हे एवढं कुलूप. दाराच्या फटीतून बियाण्याला चोळतात त्या औषधाचा उग्र वास येत होता. वाचनालयाचे चिटणीस स्टँडजवळ बी-बियाण्याचं दुकान चालवायचे, त्यांच्या मालाच्या गोण्या महिला विभागात रचलेल्या होत्या. “हंगामापुरतं ठेवलंय हो,” ते मला म्हणाले. “एकदा पेरण्या होऊ द्या.” पेरण्या झाल्या, मग रब्बी आली, मग उरलेला माल आला. मी दर चार-आठ दिवसांनी जायची आणि पुढच्या दारात उभी राहून चिटणिसांना विचारायची, “उघडली का खोली?” समोरच्या वाचन कक्षात लांब टेबलाभोवती गावातली माणसं पेपर वाचत बसलेली असत. ती एकमेकांकडं बघून हसत. मी परत यायची आणि वाटेत मोठ्यानं काहीबाही बोलायची, कुणी ऐकलं तर ऐकू दे म्हणून.

त्या टेबलाची एक रीत होती. पेपर आला की त्याची पानं सुटी करायची आणि मानाप्रमाणं वाटून घ्यायची. पहिलं पान सासूबाईंच्या थोरल्या दिरांचं, म्हणजे माझ्या मोठ्या सासऱ्यांचं. गावात त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांचं वाचून झालं की ते पान शेजाऱ्याकडं सरके, आणि असं फिरत फिरत सगळा पेपर सगळ्यांचा वाचून होई. मोठी शहाणी रीत होती. फक्त त्या वाटपात बाई कुठं बसत नव्हती.

मग एका उन्हाळ्यात वाचनालयाची तपासणी आली. आदल्या दिवशी चिटणीस सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला आणि सासऱ्यांना म्हणाले, “उद्या साहेब येऊ राह्यले. महिला विभागात बायका दिसल्या पाह्यजेत, न्हाई तर ग्रँट अडकंल. घरच्या बायका धाडा जरा. तासभर बसतील अन् जातील.” इतके दिवस त्यांच्या दारात उभी राहणारी बाई त्याच घरात, त्यांच्यासमोर कपबश्या उचलत होती. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी कपबश्या आत नेल्या. एकदा ती खोली आतून बघायची होती मला.

सासऱ्यांनी सासूबाईंना सांगितलं, तू पण जा. त्या म्हणाल्या, “मला काय वाचता येतं?”

“वाचायचं न्हाई, काकू,” चिटणीस म्हणाले. “बसायचं फक्त.”

दुसऱ्या दिवशी महिला विभाग ओळखू येत नव्हता. गोण्या गायब, फरशी धुतलेली, मंगल कार्यालयातून आणलेल्या खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर मासिकांचे गठ्ठे. पंखा जोरात फिरत होता. बियाण्याचा वास मात्र भिंतीत मुरलेला होता, त्याला कोण काय करणार? आम्ही दहा-बारा जणी धुवट पातळं नेसून बसलो. सासूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या, कुणी उठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशा. साहेबांची जीप काही येईना. बसून बसून सासूबाई कंटाळल्या. हातातलं मासिक माझ्यापुढं धरून म्हणाल्या, “ह्याच्यात काय लिहेल हाये ते वाच तरी.”

मी एक गोष्ट काढली आणि हळू आवाजात वाचायला लागले. एका एकट्या बाईची दुभती म्हैस रातोरात दावं तोडून नाहीशी होते, आणि बाईला संशय येतो सख्ख्या भावाचा. दोन परिच्छेद झाले नाहीत तोच सासूबाई खुर्चीत मागं रेलून नीट बसल्या. “दूध किती द्यायची?” त्यांनी विचारलं. गोष्टीत ते नव्हतं. “मंग लिहिणाऱ्याला म्हशीतलं काय कळतं?” त्या म्हणाल्या, पण मला थांबू देईनात. बाकीच्या बायकांनी खुर्च्या जवळ ओढल्या. भावाच्या गोठ्यात कुणाची तरी म्हैस दिसते, इथपर्यंत आम्ही आलो आणि साहेब दारात उभे राहिले.

“काय वाचताय, आजी?” त्यांनी कौतुकानं विचारलं.

“मला वाचता येत न्हाई. सून वाचू राह्यली, मी ऐकू राह्यले. तुम्ही मधी बोलले.”

साहेब खूश झाले. चिटणीसही खूश झाले. जीप गेली, चहा-चिवडा झाला आणि चिटणिसांनी पंख्याचं बटण बंद केलं. “झालं बरं का. चला, बायांनो.”

“गोष्ट राह्यली,” सासूबाई म्हणाल्या.

“वाचू की मंग, काकू. वाचनालय काय पळून चाललंय?”

“उद्या येतो,” मी म्हणाले. लहान पोराला होकार द्यावा तशी चिटणिसांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी झाली आणि सासूबाईंनी स्वतःच पदर सावरला. “चल, त्या म्हशीचं काय झालं ते पाहून येऊ.” मला इतका आनंद झाला की मी चप्पल उलटी घातली. आता माझी वाट मोकळी झाली, खुद्द सासूच सोबत म्हटल्यावर कोण अडवणार, असं मला वाटलं.

वाचनालयाच्या मागं टेम्पो उभा होता. हमाल गोण्या आत नेऊन रचत होते. निम्मी खोली भरलीसुद्धा होती. चिटणीस दारात उभे. आम्हाला बघून ते खरोखर चकित झाले, ढोंग नव्हतं ते. “काकू, तपासणी तर कालच झाली. आता कशाला आल्या?”

सासूबाईंची अट मला पाठ होती. बायकांची सोय नाही हे त्यांनी आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आता त्या म्हणणार, चल घरी. आणि आज इथून मागं फिरले की माझं शिकणं संपलं, नंतर पुन्हा कुणी विषयही काढू देणार नाही. मी चिटणिसांना काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बरंच बोलले असणार, कारण हमाल थांबून बघायला लागले होते. सासूबाई इमारतीला वळसा घालून पुढच्या बाजूला गेल्या आणि पाटीखाली थांबल्या. मी मागोमाग गेले.

“ह्याच्यावर काय लिहेल हाये?”

मी वाचून दाखवलं.

“सर्वांसाठी म्हंजी?”

“म्हणजे सगळ्यांसाठी, आत्याबाई. आपल्यासाठी बी.”

त्यांनी पदर पुढं ओढला आणि पुढच्या दारानं सरळ आत गेल्या.

आत टेबलाभोवती नेहमीची मंडळी होती आणि पहिल्या पानामागं दादा. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई दादांपुढं कधी बसल्या नव्हत्या. ते अंगणात आले की त्या हातातलं काम टाकून आत जायच्या, त्यांच्याशी कधी थेट बोलल्याही नव्हत्या. आज त्या टेबलाशी गेल्या, बाकावर एक जण फतकल मारून बसला होता तो आपसूक सरकला, आणि त्या बसल्या. पदर नाकापर्यंत, पण बसल्या. “वाच,” मला म्हणाल्या.

मी मासिक शोधून आणलं आणि शेजारी बसले. म्हैस जिथं राहिली होती तिथून वाचायला लागले.

“बाई, इथं शांतता ठिवा लागती,” एक जण म्हणाला आणि त्यानं भिंतीवरची सूचना दाखवली. त्याच सूचनेखाली बसून ही माणसं निवडणुकीवर भांडायची तेव्हा स्टँडवर ऐकू जायचं. “तुमचं राजकारण काय मुक्यानं चालतं का?” मी विचारलं आणि पुढं वाचायला लागले.

थोड्या वेळात टेबल अवघडलं. कुणाला मोकळं बसता येईना, कुणाला मोठ्यानं बोलता येईना, सुपारी तोंडातच राहिली. शेवटी दादा उठले. पान हातात तसंच घेऊन मागच्या बाजूला गेले, आणि त्यांचा आवाज आम्हाला इथपर्यंत आला. “त्यायची खोली उघडून दे जल्दी! आम्ही बसायचं कुठं?”

“माल हाये, दादा.”

“माल तुझ्या दुकानात ठिव. वाचनालय काय तुझं गोडाऊन हाये?”

ऐकून मला हसू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. रोज इथं बसून, तो वास घेत, माझं ते दारात उभं राहणं बघत, ह्यांना सगळं ठाऊक होतं. स्वतःच्या बुडाखालचा बाक हलला तेव्हा कुठं तोंड उघडलं. न्याय वगैरे काही नव्हता त्यात. पण न्यायाची वाट बघत मी बरेच हंगाम घालवले होते. आता जे हाती येईल ते मी घेणार होते.

टेम्पो पुन्हा भरायला लागला. चिटणीस घामाघूम होऊन आत आले, कुलूप-किल्ली हातात. “घ्या, काकू. केली खोली मोकळी. चला तिकडं आता.”

सासूबाईंनी मान वर केली नाही. “सांग त्यांना,” त्या मला म्हणाल्या, “गोष्ट पुरी झाल्याबिगर मी उठत न्हाई.”

चिटणीस उभे राहिले. मी मुद्दाम सावकाश वाचलं, स्वल्पविरामालासुद्धा थांबले. भावानं चोरलेली नव्हतीच म्हैस. ती आपल्या पहिल्या मालकाच्या दारात जाऊन उभी राहिली होती, आणि बाई भावाला नको ते बोलून बसली होती. “मला वाटलंच होतं,” सासूबाई म्हणाल्या. “जनावर जाईल कुठं?” टेबलापलीकडून एक-दोघांनी माना हलवल्या. पेपर पुढं धरून तेही ऐकत होते तर!

मग सासूबाईंनी हात पुढं केला. चिटणिसांनी किल्ली हातावर ठेवली. “संध्याकाळी परत आणून द्या, काकू.”

सासूबाईंनी ती पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली. “परत कशाला?” त्या म्हणाल्या. “फुडली तपासणी आली की सांगा. आम्ही उघडून देऊ.”

आणि बाकावर आणखी मागं सरकून, नीट टेकून बसत मला म्हणाल्या, “दुसरी काढ.”