सात वर्षांची वाळू

आमचे हे हॉस्पिटलात माळी आहेत. मोडलेल्या हातापायांचं हॉस्पिटल. मागच्या बाजूला हिरवळ आहे, तिथे पेशंटना अनवाणी चालायला शिकवतात. बत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नसेल तेवढं त्या गवताकडे पाहिलंय. तक्रार नाही, आपलं सांगते.

गेल्या वर्षी त्या गवतानं मान टाकली. जागोजागी टक्कल, पाणी घातलं की दोन-दोन दिवस डबकी. थंडीत सगळंच पिवळं पडलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, हे मेलंय. फरश्या घालून टाकू."

"झोपलंय, मॅडम. हरळी आहे ही. थंडीत झोपते, उन्हात उठते. उन्हाळा संपेपर्यंत थांबा. नाही उठली तर खुशाल घाला फरश्या."

फरश्या आल्या की माळ्याचं काम संपलं, हे दोघांनाही कळत होतं. मलाही.

ऊन तापल्यावर ह्यांनी जमिनीत पहार मारली, ती टणकन परत आली. खाली वाळू आणि चिकणमाती मिळून वीट झाली होती. माती मोकळी होईल म्हणून सात वर्षं हेच वाळू पसरत होते. कुणाला विचारायचं नाही, आणि वर ऐट! त्या दिवशी ताटावर नुसते बसून राहिले.

"वाळू मीच टाकली," म्हणाले.

"मग काय मी टाकली?"

बोलून गेले आणि जीभ चावली. माणूस पार खचला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना चूक स्वतः सांगितली आणि हिरवळीभोवती दोरी बांधली. वीत-वीत अंतरावर पहारीनं भोकं पाडायची, त्यांत कुजलेल्या पाल्याचं खत भरायचं. रोजचं पाणी शिंपडणं बंद. आठवड्यातून एकदाच, पण खोल मुरेल असं. कापतानाही गवत जरा उंच ठेवायचं.

एवढ्यात मी जिन्यावरून पडले आणि पाय मोडून त्याच हॉस्पिटलात दाखल झाले. माझी हौस! प्लास्टर निघाल्यावर व्यायामवाली म्हणाली, गवतावर चाला.

"दोरी आहे," हे म्हणाले.

"अहो, बायको आहे मी तुमची."

"म्हणूनच. तुला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल."

मग मीही बाकीच्यांसारखी व्हरांड्यातल्या गार फरशीवर पाय ओढत राहिले. दीड महिना ह्यांच्याशी कामापुरतं बोलले.

उन्हाळा सरता सरता हरळी उठली. भोकाभोकातून फुटली, टकलं भरून आली. डॉक्टरीणबाई पाहायला आल्या, आम्ही पेशंट बाकावर बसलो होतो.

"फरश्या रद्द," त्या म्हणाल्या. "पण मामा, दोरी राहू द्या हं. इतकं छान झालंय, आता कुणाला पाऊल ठेवू देऊ नका."

ह्यांनी खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली.

"अहो मामा, परत खराब होईल!"

"होऊ द्या, मॅडम. परत करीन. नुसतं बघायला नाही केलेलं."

मग हे माझ्याकडे आले आणि चारचौघांत माझा हात धरला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी गवतावर पाय ठेवला. मऊ होतं, खालून ऊबही येत होती.

"पाय उचलून टाक," हे म्हणाले. "घासू नकोस."

मला रडू फुटलं. कुणी विचारलं तर पाय दुखतोय म्हणून सांगणार होते, पण कुणी विचारलं नाही. सगळे खाली वाकून चपला काढत होते.