बिनखिशाचा कोट

उदय मास्तर म्हणजे खवीस, असं कारखान्यात सगळेच म्हणत, आणि खोटं काय त्यात? सिलतराच्या लोखंडाच्या भट्टीवर राबणाऱ्यांचे जाड कोट शिवायचे, मंजूर झालेला नमुना समोर भिंतीवर टांगलेला. शिवण त्याच्याबाहेर गेली की मास्तरची लोखंडी पट्टी पाठीवर बसलीच. नत्थू शिंप्याची बोटं त्यानं एकदा अशी सुजवली की बिचाऱ्याला भाताचा घास उचलवेना.

त्या नमुन्याला खिसा नव्हता. उडालेलं वितळतं लोखंड कोटावरून ओघळून जातं, खिशात मात्र साचतं. एवढं मास्तरनं सगळ्यांना शिव्या घालून शिकवलं होतं.

तरी यामिनीनं खिसा शिवलाच. ही मास्तरच्या धाकट्या भावाची, संग्रामची बायको, तिथंच मशीनवर बसायची. संग्राम भट्टीवर, त्याला गुडाखूची, दातांना लावायच्या तंबाखूची, डबी ठेवायला जागा हवी होती. नवऱ्याचे लाड, दुसरं काय! मास्तरनं कात्रीनं खिसा टराटरा उसवला आणि सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत ठेवून दिली. ओठ फुटला तिचा.

आता भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, धाकट्याच्या बायकोला बोटही लावू नये, अशी आपल्यातली रीत, आणि यानं हात टाकला! संध्याकाळी संग्राम आला तो थेट नरड्यालाच. मास्तरचा दात पडला, तोंड रक्तानं भरलं, तरी त्यानं उलटून मारलं नाही. आई मधे पडली नसती तर मुडदाच पडायचा. मग आईनं थोरल्यालाच सुनेपुढं हात जोडायला लावले.

संग्रामच्या पुढच्या कोटाला यामिनीनं पुन्हा खिसा शिवला, त्याच्यासमोर, मान ताठ ठेवून. मास्तरनं कात्री उचलली. पण घरात पुन्हा रक्त नको म्हणून त्यानं ती खाली ठेवली आणि कोट जाऊ दिला.

एक दिवस भट्टी उसळली. बाकीच्यांचे कोट काळे पडले, तेवढंच. संग्रामच्या खिशात लोखंड साचलं ते कंबरेत उतरलं. ओढून ओढून कोट निघेना आणि तो गुरासारखा ओरडत राहिला. दवाखाना येईपर्यंत ओरडणंही थांबलं.

मास्तर दवाखान्याच्या दारात उभा होता. यामिनी आली ती दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. कुणालाच आवरेना. त्यानंही तिला मारू दिलं.

“पहिल्यांदा मारलं होतं न, भाऊजी,” ती म्हणाली, “मग दुसऱ्यांदा काहून नाही मारलं मले?”