साडेअडतीस टक्के

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे शंभर-शंभर थर एकावर एक रचून मशीनने कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, एवढंच. पण टक्केवारी शिकावी तर त्यांच्याकडूनच, असं कारखान्यात सगळेच म्हणत.

कारण कापड धुतल्यावर आटतं, आणि किती आटेल ते आधीच धरून कापावं लागतं. एकदा नव्या सुपरवायझरने हिशेब केला, पहिल्या धुण्यात दहा टक्के, दुसऱ्यात पाच, म्हणजे पंधरा. मास्तर म्हणाले, "साहेब, दुसऱ्या धुण्याला अख्खं कापड राहिलंय कुठे? नव्वदच उरलं. पाच टक्के त्या नव्वदाचे. साडेचौदा झाले." कुठल्याही टक्क्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कशाचे?" शेजारची सून दुकानातून आली आणि वीस टक्के सूट, वर आणखी दहा मिळाली म्हणून हरखली, तर हे लगेच, "तीस नाही गं, अठ्ठावीस." बायको म्हणायची, "अहो, होऊ द्या की तिला खूश. तुमचं काय जातंय?"

डाव्या हाताने थर दाबायचे, उजव्याने मशीन पुढे सरकवायचं, असं अठ्ठावीस वर्षं चाललं. डाव्या हाताला लोखंडी जाळीचा मोजा घालायचा नियम होता. मास्तर तो काढून ठेवत. बोटांना कापड कळत नाही म्हणत. एका दुपारी थर सरकला, हात त्याच्यामागे गेला, आणि पात्याने तीन बोटं नेली. मशीन बंद झालं तेव्हा वरचे पंधरा-वीस थर लाल झाले होते. ते कापड फेकून द्यावं लागणार, हा पहिला विचार त्यांच्या मनात आला.

जखम भरली, पण मशीन काही परत हातात येणार नव्हतं. मॅनेजर भला माणूस होता, म्हणाला, "मास्तर, सरकारी तपासणीत अपंगत्व चाळीस टक्के भरलं, तर तुम्हाला बसून करायचं काम देणं मला भागच पडेल. वर कुणी नाही म्हणू शकणार नाही. चाळीसच्या खाली मात्र माझ्या हातात काही नाही."

तपासणीला बायको बरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत हाताचे पंचवीस टक्के धरले. मग कान तपासले. कटिंगच्या खोलीला लागूनच जनरेटर होता. त्याने इतक्या वर्षांत कान खाल्ले होते. कानांचे अठरा निघाले. कारकुनाने दोन्हींची बेरीज करून खाली त्रेचाळीस लिहिलं आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवला. मास्तरांनी तो आकडा उलट्या बाजूने वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी पेन उचललं, आणि थांबून कारकुनाला विचारलं, "सरळ बेरीज नसते ना रे यात? दुसरं उरलेल्यावर धरायचं. पंचवीस गेले... अठरा टक्के... किती होतात?" ते स्वतःशीच पुटपुटत होते.

"साडेअडतीस," मास्तर म्हणाले.

तोंडातून गेलंच. अठ्ठावीस वर्षं कुणी असं विचारलं की उत्तर असंच बाहेर पडायचं. डॉक्टरांनी वर पाहिलं.

"बरोबर. तुम्हाला कसं कळलं?"

"उरले पंच्याहत्तर, साहेब. त्यांचे अठरा टक्के साडेतेरा."

डॉक्टरांनी त्रेचाळीसवर रेघ मारली. मग हळू आवाजात म्हणाले, "वर्षाने पुन्हा या. हात आहे तसाच राहील. कान अजून उतरले, तर बघता येईल."

बाहेर आल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, पण तिच्याशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. तिने ऐकून घेतलं. "डॉक्टर करत होते ना हिशेब? करू द्यायचा होता त्यांना. चुकला असता, नसता चुकला. तुम्ही कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात?"

महिनाअखेर त्यांना कारखान्यातून कमी केलं. बायको त्याच कारखान्यात शिवलेल्या कपड्यांचे धागे कापायला जाऊ लागली. मास्तर घरी एका हाताने भांडी घासत. त्यांनी हिशेब करून ठेवला होता: हाताचे पंचवीस धरले की चाळीसला पंधरा कमी पडतात, पंच्याहत्तरातले पंधरा म्हणजे वीस टक्के. कान अठरावरून विसावर गेले की झालं. दोनच टक्के.

त्या वर्षात घरात एक विचित्र खेळ सुरू झाला. तो कुणी ठरवला नव्हता. ती स्वयंपाकघरातून हळूच म्हणायची, "पाणी आलंय का हो?" मास्तर उत्तर देत, "आलंय." मग आत भांडं जरा जोरात आपटायचं. पुढे पुढे एखाद्या दिवशी उत्तर येत नसे. तेव्हा ती दारात येऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मास्तरांना बघवत नसे.

वर्षाने कान एकवीस निघाले. एकूण पावणेएक्केचाळीस. डॉक्टरांनी सही केली आणि तोंडभरून अभिनंदन केलं. मास्तरांना ते नीट ऐकू आलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

मॅनेजरने शब्द पाळला. बटणांच्या गोदामात खुर्ची मिळाली. पगार पहिल्याच्या निम्मा. तिथे काम करणाऱ्या बायका हसल्या की मास्तरही हसतात, कशावर ते न कळता. टक्के विचारायला आता कुणी येत नाही. ओरडून विचारावं लागतं, कोण घसा फोडणार?

एका सुट्टीच्या सकाळी बायको त्यांच्या समोर येऊन बसली, तोंड दिसेल अशी. सावकाश म्हणाली, "तुमचा कान जावा म्हणून मी वर्षभर देवाला हात जोडत होते. रोज."

मास्तरांनी तिच्या ओठांकडे बघितलं. सगळं कळलं होतं.

"मी पण," ते म्हणाले.

ती उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. मास्तर जागचे हलले नाहीत. भरलेल्या जखमेत आजही थंडीत कळ येते. उजव्या हाताने ते डावा हात चोळत राहिले.